यीस्टचा संसर्ग : प्रतिकारशक्तीची कोणती फळी ढिली पडली हे ओळखून करावयाची काळजी

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला आणि त्यापाठोपाठ ‘पांढरी बुरशी’ही बातम्यांत झळकू लागली. दोन्हींना बुरशी म्हणत असल्यामुळे अनेकांनी एकीची काळजी दुसरीला लावली. काळी बुरशी, म्हणजे म्यूकरमायकोसिस, हा धाग्यांच्या रूपात वाढणाऱ्या बुरशीचा रोग असून तिचे बीजाणू प्रामुख्याने हवेतून नाकात येतात. वृत्तपत्रांनी जिला पांढरी बुरशी म्हटले ती बहुतेक वेळा कँडिडा ही यीस्ट होती, आणि ती रुग्णाच्या स्वतःच्या तोंडात, आतड्यात व त्वचेवर आधीपासूनच राहत असते. जो जंतू आपल्यातच वस्तीला आहे, त्याच्या बाबतीत ‘तो कोठून आला’ या प्रश्नाने फारसे काही साधत नाही. ‘आजवर तो गप्प का होता आणि आता का उठला’ हे विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी प्रतिकारशक्तीच्या एखाद्या फळीत सापडते.

ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत, जे एचआयव्हीसह जगत आहेत, ज्यांचा नातेवाईक अतिदक्षता विभागात आहे किंवा ज्यांना वारंवार हा त्रास होतो, त्यांना आपली कोणती फळी ढिली आहे हे ओळखता यावे आणि त्यानुसार पावले उचलता यावीत, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. औषधाचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा आहे. परंतु नेमके काय सांगावे आणि काय विचारावे हे रुग्णाला माहीत असेल, तर तो निर्णय लवकर व अचूक होतो.

आधी यीस्टचे वागणे समजून घ्यावे

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पाव फुगवणारी यीस्टही याच गटातली आहे. निसर्गातील बहुसंख्य बुरश्यांना ३७ अंश सेल्सिअसला नीट वाढता येत नाही, त्यामुळे आपले शरीराचे तापमान हेच त्यांच्याविरुद्धचे एक मोठे संरक्षण ठरते. ज्या थोड्या जातींना हे तापमान मानवते, त्यांत कँडिडा अल्बिकन्स ही माणसाच्या सर्वांत जवळची आहे. निरोगी माणसांपैकी अनेकांच्या तोंडात व आतड्यात ती आयुष्यभर राहते आणि कसलाही त्रास देत नाही.

तिचे सामर्थ्य रूप बदलण्यात आहे. शांत असताना ती गोलसर, सुट्या पेशींच्या रूपात असते. परंतु शरीराची ऊब, रक्तद्रव, कार्बन डायऑक्साइड आणि उदासीन सामू अशी परिस्थिती मिळाली की त्या पेशींतून लांब तंतू फुटतात. तंतूंच्या पृष्ठभागावरील प्रथिने श्लेष्मल त्वचेच्या, म्हणजे तोंड, घसा, आतडे यांच्या ओलसर अस्तराच्या, पेशींना घट्ट चिकटतात, तंतू पेशींच्या आत घुसतात आणि घुसताना कँडिडालायसिन नावाचे विष सोडतात. हे विष केवळ ३१ अमिनो आम्लांचे छोटेसे पेप्टाइड असून ते पेशीच्या पटलाला छिद्रे पाडते. ते २०१६ मध्ये प्रथम वर्णिले गेले. कँडिडाच्या नुसत्या अस्तित्वाकडे आणि तिच्या हल्ल्याकडे शरीर वेगवेगळ्या नजरेने कसे पाहते, हे या शोधामुळे बरेच उलगडले. गोल पेशी थोड्या असतील तर श्लेष्मल त्वचा त्यांची फारशी दखल घेत नाही. तंतू वाढून विषाची इजा जाणवू लागली की तीच त्वचा धोक्याचे रासायनिक संदेश पाठवते आणि रक्तातील पांढऱ्या पेशींना बोलावून घेते.

यीस्टची पेशीभित्तिका थरांची असते. वरचा थर मॅनन या शर्करायुक्त प्रथिनांचा आणि खाली बीटा-ग्लुकनचा. आपल्या भक्षक पेशींवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, डेक्टिन-१ नावाचा ग्राही (ओळख पटवणारे प्रथिन) असतो आणि तो नेमका बीटा-ग्लुकन ओळखतो. यीस्ट मात्र ते मॅननखाली झाकून ठेवते. ज्या क्षणी ते उघडे पडते, त्या क्षणी भक्षक पेशी जाग्या होतात, यीस्टला गिळू लागतात आणि टी-पेशींपैकी (इतर पेशींना आदेश देणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी) टीएच-१७ या प्रकाराला कामाला लावतात. या पेशी इंटरल्यूकिन-१७ हा संदेशवाहक स्रवतात. त्याच्यामुळे श्लेष्मल त्वचा जंतुनाशक पेप्टाइडे तयार करते आणि न्यूट्रोफिल या भक्षक पांढऱ्या पेशी त्या जागी जमतात.

कोणती फळी ढिली आहे ते शोधावे

एचआयव्हीमुळे टी-पेशी घटलेल्या रुग्णाच्या तोंडात व अन्ननलिकेत कँडिडा माजते, परंतु ती सहसा रक्तात उतरत नाही. याउलट रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांमुळे ज्याचे न्यूट्रोफिल जवळजवळ संपले आहेत, त्याच्या रक्तात कँडिडा पसरून ती यकृत, प्लीहा, मूत्रपिंड व डोळे यांत जाऊन बसू शकते. याचा अर्थ असा की तोंड, घसा व त्वचा यांचे रक्षण प्रामुख्याने टीएच-१७ पेशींच्या फळीकडे आहे आणि रक्त व आतील अवयवांचे रक्षण प्रामुख्याने न्यूट्रोफिलांकडे. जन्मतःच इंटरल्यूकिन-१७ च्या मार्गात दोष असलेल्या मुलांना त्वचा, नखे व तोंड यांचा चिवट कँडिडा संसर्ग वर्षानुवर्षे होतो, तरी त्यांच्या रक्तात ती क्वचितच सापडते; आणि सोरायसिससाठी इंटरल्यूकिन-१७ रोखणारी इंजेक्शने घेणाऱ्या काही रुग्णांनाही तोंडात व त्वचेवर हाच त्रास होतो. माझ्या मते या विषयातील इतर सर्व तपशील विसरले तरी चालतील, परंतु ही विभागणी लक्षात राहिली पाहिजे, कारण काय तपासावे आणि किती घाई करावी हे तिच्यावरून ठरते.

तिसरी फळी पेशींची नसून अखंड त्वचा, आतड्याचे अस्तर आणि तेथे राहणारे उपकारक जीवाणू यांची आहे. अँटिबायोटिकांनी जीवाणू मेले की यीस्टला मोकळी जागा व अन्न मिळते, पोटाच्या शस्त्रक्रियेने आतड्याचे अस्तर फाटते, आणि मानेतील किंवा छातीतील मोठ्या शिरेत घातलेली नळी त्वचेची तटबंदी ओलांडून थेट रक्तापर्यंत वाट करून देते.

म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एका कागदावर पुढील गोष्टी लिहून न्याव्यात: गेल्या काही महिन्यांत घेतलेली अँटिबायोटिके, स्टेरॉइड (गोळ्या, इंजेक्शन, दम्याचा पंप आणि मलम हे सर्व त्यात धरावे), मधुमेहाची औषधे, प्रतिकारशक्ती दाबणारी कोणतीही औषधे, शेवटची रक्तशर्करा, आणि शरीरात असलेली नळी, कवळी किंवा कृत्रिम झडप. यांपैकी दम्याचा पंप व मलम हमखास सांगायचे राहून जाते.

तोंड, त्वचा आणि जननांग

तोंडात कँडिडा झाल्यास जीभ, गाल व टाळू यांवर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर येतो. स्वच्छ ओल्या कापडाने हलकेच पुसल्यास तो निघतो आणि खाली लालसर, चुरचुरणारी जागा दिसते. ही साधी परीक्षा महत्त्वाची आहे, कारण तंबाखू, मशेरी किंवा गुटखा यांचे व्यसन असलेल्या माणसाच्या तोंडात जो पांढरा चट्टा पुसूनही निघत नाही, तो कर्करोगापूर्वीची अवस्था असू शकतो आणि त्याला बुरशीचे औषध लावत बसल्यास मौल्यवान वेळ वाया जातो. असा चट्टा दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला विनाविलंब दाखवावा.

दम्याचा स्टेरॉइड पंप वापरणाऱ्यांनी तो शक्यतो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्यावा आणि प्रत्येक वेळी नंतर पाण्याने खळखळून चूळ भरून थुंकावी. औषध तोंडात साचले की तेथील प्रतिकार मंदावतो, एवढेच त्यामागचे कारण आहे आणि त्यासाठी पंप बंद करणे मात्र धोक्याचे आहे. कवळी रात्री काढून ठेवावी आणि रोज घासून धुवावी, कारण तिच्या आतील पृष्ठभागावर यीस्ट चिकट पातळ थर करून राहते, त्या थरात औषध नीट शिरत नाही, आणि तोंडातला संसर्ग बरा होऊनही कवळीतून परत येतो. तान्ह्या बाळाच्या तोंडात पहिल्या काही महिन्यांत असा थर दिसणे सामान्य आहे. बाळाला औषध चालू असताना आईच्या स्तनाग्रांना जळजळ होत असेल, तर दोघांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. परंतु ज्या प्रौढ व्यक्तीला कवळी, पंप, मधुमेह, अलीकडची अँटिबायोटिके यांपैकी काहीही नसताना तोंडात कँडिडा होते, तिने एचआयव्हीची तपासणी अवश्य करून घ्यावी. ती शासकीय आयसीटीसी केंद्रांत मोफत व गोपनीय होते. गिळताना छातीच्या हाडामागे दुखू लागले, तर संसर्ग अन्ननलिकेत उतरला असण्याची शक्यता असते आणि तेथे तोंडात लावण्याचे औषध पुरत नाही.

जननांगाच्या कँडिडा संसर्गाबद्दल मोकळेपणाने बोलले जात नाही, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो, आणि तो चारित्र्याशी किंवा अस्वच्छतेशी जोडणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. तीव्र खाज, आग आणि दह्यासारखा घट्ट, फारसा वास नसलेला स्राव ही त्याची लक्षणे आहेत. येथे प्रतिकारशक्तीची भूमिका वेगळीच दिसते: योनीत जमलेले न्यूट्रोफिल यीस्टला पुरेसे मारू शकत नाहीत, आणि खाज व सूज यांचा बराचसा भाग यीस्टपेक्षा त्यांच्या धावपळीमुळेच निर्माण होतो. अंगावरून पांढरे जाण्याची प्रत्येक तक्रार कँडिडाची नसते. पातळ व माशासारखा वास असलेला स्राव जीवाणूंच्या असंतुलनामुळे होतो, आणि त्यावर बुरशीचे औषध निरुपयोगी ठरते. म्हणून पहिल्याच वेळी, गरोदरपणात, किंवा वर्षात तीन अथवा अधिक वेळा त्रास झाल्यास तपासणी करूनच उपचार घ्यावेत. गरोदर स्त्रीने फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाची गोळी स्वतःहून कधीही घेऊ नये. तिच्यासाठी योनीत ठेवण्याची औषधे असतात. योनी आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुण्याची सवय सोडून द्यावी.

मधुमेही स्त्री-पुरुषांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते ती औषधे, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय व मूत्रपिंड यांना त्यांचा मोठा लाभ होतो, परंतु त्या साखरेवर कँडिडा पोसली जाते आणि जननांगाला खाज सुटते. औषध मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे, लघवीनंतर ती जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. बहुतेकांचा त्रास तेवढ्या काळजीने आणि थोड्या दिवसांच्या मलमाने आटोक्यात येतो.

त्वचेवर कँडिडा ओलसर घड्यांत वाढते: जांघ, काख, स्तनांखाली, बाळाच्या लंगोटाच्या जागी. लालभडक चट्टा आणि त्याच्या कडेबाहेर विखुरलेले छोटे लाल ठिपके ही तिची खूण आहे. दिवसभर पाण्यात हात असलेल्यांच्या, म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या किंवा मासे साफ करणाऱ्या स्त्रियांच्या, नखांच्या कडा सुजून दुखत राहतात, त्यातही बऱ्याचदा कँडिडा असते. तेथे औषधाइतकेच हात कोरडे राखण्याला महत्त्व आहे. छाती-पाठीवर येणारी शिबं मालासेझिया या तेलावर पोसणाऱ्या दुसऱ्याच यीस्टमुळे होतात. गजकर्ण मात्र यीस्टचा रोग नाही. या सर्वांत एकच चूक सर्रास घडते: दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावणे. स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारक्रिया दबते, म्हणून खाज दोन दिवसांत थांबते आणि रुग्णाला गुण आल्यासारखे वाटते, परंतु बुरशी निर्धास्त पसरत राहते. मलमाच्या नळीवर बीटामेथॅसोन, क्लोबेटासोल किंवा ‘सोन’ व ‘सोल’ अशा शेवटाचे दुसरे नाव दिसल्यास ते सल्ल्याशिवाय लावू नये.

साखर, पाव, इडली-डोसा असे आंबवलेले सर्व पदार्थ बंद करून ‘शरीरातील कँडिडा धुऊन काढण्याचे’ आहारक्रम समाजमाध्यमांवर फिरतात. त्यांना आधार नाही. रक्तातील साखर नियंत्रणात ठेवणे उपयोगी आहे, परंतु पावातील यीस्टमुळे कँडिडाचा रोग होत नाही आणि आतड्यातील कँडिडा समूळ काढण्याची गरजही नसते.

रुग्णालयात असताना

अतिदक्षता विभागात धोक्याचे स्वरूप बदलते, कारण तेथे तिसरी फळी आणि बऱ्याचदा न्यूट्रोफिलांची फळीही एकाच वेळी कोसळलेली असते. मोठ्या शिरेतली नळी, शिरेतून दिले जाणारे अन्न, अनेक अँटिबायोटिके आणि पोटाची शस्त्रक्रिया हे एकत्र आलेल्या रुग्णाचा ताप अँटिबायोटिकांनी उतरत नसेल, तर ‘रक्तात यीस्ट असण्याची शक्यता पाहिली आहे का आणि मोठ्या शिरेतली नळी अजून आवश्यक आहे का’ हे दोन प्रश्न नातेवाइकांनी नम्रपणे पण नक्की विचारावेत. आतील अवयवांच्या कँडिडा संसर्गापैकी सुमारे निम्मे संसर्ग रक्ताच्या कल्चरमध्ये (नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) सापडत नाहीत, त्यामुळे एक अहवाल स्वच्छ आला म्हणून शंका मिटत नाही. रक्तातील बीटा-ग्लुकन मोजणारी चाचणी अशा वेळी मदतीला येते. याउलट थुंकीत किंवा लघवीच्या नळीतील नमुन्यात कँडिडा आढळली, तर ती बहुधा नुसती वस्ती असते आणि तिच्यावर औषध द्यावेच लागते असे नाही. रक्तातील कँडिडा मात्र कधीही किरकोळ समजत नाहीत.

कँडिडा ऑरिस या जातीचा वेगळा उल्लेख करणे भाग आहे. २००९ मध्ये जपानमधील एका ७० वर्षांच्या स्त्रीच्या कानातील नमुन्यावरून तिचे प्रथम वर्णन झाले आणि नंतरच्या काही वर्षांत भारतासह अनेक देशांच्या रुग्णालयांत ती आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १९ घातक बुरश्यांच्या यादीत सर्वोच्च गटात चार नावे आहेत, आणि कँडिडा ऑरिस, कँडिडा अल्बिकन्स व क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या तीन यीस्ट त्यांत आहेत. कँडिडा ऑरिस त्वचेवर दीर्घकाळ टिकते, खाटांच्या कठड्यांवर व उपकरणांवर जगते, रुग्णाकडून रुग्णाकडे जाते आणि बहुतेक वेळा फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही. म्हणजे यीस्ट आपल्या स्वतःच्याच अंगातून येते हा नियम येथे लागू पडत नाही. भेटीला जाताना आणि निघताना अल्कोहोलच्या द्रावाने हात चोळावेत, रुग्णाच्या खाटेवर बसू नये आणि एका रुग्णाची वस्तू दुसऱ्याला देऊ नये. फरशी व उपकरणांसाठी क्लोरीनयुक्त द्राव परिणामकारक ठरतो. काही नेहमीची जंतुनाशके तिच्यावर कमी पडतात.

नातेवाइकांना आणखी एक कळकळीची विनंती. अतिसारावर दिल्या जाणाऱ्या काही प्रोबायोटिक पुड्यांत सॅकरोमायसिस बोलार्डी ही जिवंत यीस्ट असते. निरोगी माणसाला ती अपाय करत नाही, परंतु मोठ्या शिरेत नळी असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या रक्तात ती शिरल्याच्या नोंदी आहेत. घरून आणलेली पुडी विचारल्याशिवाय देऊ नये आणि खाटेशेजारी फोडूही नये.

क्रिप्टोकॉकस : फुफ्फुसातून मेंदूकडे

ही यीस्ट मातीत, झाडांच्या ढोलीत आणि कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत असते व श्वासातून फुफ्फुसात जाते. मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये जो वाद झाला, त्यात फुफ्फुसांच्या विकारांचा उल्लेख वारंवार झाला. कबुतरांच्या सहवासाने होणारा एक गंभीर विकार ॲलर्जीचा असून त्यात प्रतिकारशक्ती गरजेपेक्षा जास्त चवताळते. क्रिप्टोकॉकसचा रोग मात्र प्रामुख्याने ती खालावल्यावर होतो. दोन्हींत गल्लत करू नये.

क्रिप्टोकॉकसच्या भोवती शर्करेचे जाड वेष्टन असते. त्यामुळे भक्षक पेशींना ती सहज ओळखता व गिळता येत नाही. गिळली तरी ती महाभक्षी (मोठ्या भक्षक) पेशीच्या पोटात मरत नाही, तेथेच वाढते, आणि कधी कधी त्या पेशीला न मारता पुन्हा बाहेर पडते. तिला आवर घालण्यासाठी महाभक्षी पेशींना सीडी-४ या प्रकारच्या टी-पेशींचा आदेश लागतो. एचआयव्हीमुळे त्या पेशी घटल्या की यीस्ट मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचते. दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, ताप, उलट्या, अंधुक दिसणे, वागण्यातला बदल हे सर्व काही आठवड्यांत हळूहळू घडते, आणि म्हणूनच ‘पित्ताची डोकेदुखी’ म्हणून दुर्लक्षिले जाते. सीडी-४ ची संख्या १०० पेक्षा कमी असलेल्या व्यक्तीने लक्षणे नसतानाही क्रिप्टोकॉकस प्रतिजनाची (रक्तात उतरलेल्या यीस्टच्या अंशाची) रक्तचाचणी करून घ्यावी, आणि २०० पर्यंतही तिचा विचार करावा. ही चाचणी सोपी असून काही मिनिटांत निकाल देते. तो सकारात्मक आला, तर मेंदूज्वर होण्याआधीच त्याला अडवता येते.

पाठीतले पाणी काढण्याला अनेक कुटुंबे घाबरतात. या रोगात ते पाणी निदानासाठी तर लागतेच, शिवाय डोक्यातला वाढलेला दाब कमी करण्यासाठी ते पुन्हा पुन्हा काढावे लागते. या दाबानेच दृष्टी व प्राण जाण्याचा धोका असतो. संमती देताना हे ध्यानात घ्यावे. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी चा एकच मोठा डोस आणि सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल यांची शिफारस करते. त्यानंतर फ्लुकोनॅझोल दीर्घकाळ चालू राहते. एचआयव्हीची औषधे नव्याने सुरू करावयाची असल्यास ती मुद्दाम चार ते सहा आठवडे थांबवून देतात, कारण प्रतिकारशक्ती एकाएकी परतली तर ती मेंदूतील उरलेल्या यीस्टवर तुटून पडते आणि त्या दाहानेच रुग्ण दगावू शकतो. एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्राने दिलेली तारीख म्हणूनच स्वतःहून पुढे-मागे करू नये.

औषध चालू असताना

फ्लुकोनॅझोल यीस्टच्या पटलातील एर्गोस्टेरॉल बनू देत नाही आणि कँडिन गटातील औषधे बीटा-ग्लुकनची भिंत उभारू देत नाहीत. फ्लुकोनॅझोलमुळे वॉरफेरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढतो आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांनी साखर खाली जाऊ शकते, हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. त्रास थांबला म्हणून औषध अर्धवट सोडू नये, आणि दोनदा औषध घेऊनही संसर्ग परतला तर तिसऱ्यांदा तेच औषध मागण्याऐवजी नमुना कल्चरला पाठवून यीस्टची जात व औषधांना दिलेला प्रतिसाद तपासून घ्यावा.

रक्तातील कँडिडाचे उपचार ताप उतरल्यावर संपत नाहीत. रक्ताचे कल्चर पहिल्यांदा स्वच्छ आले त्या दिवसापासून साधारणतः १४ दिवस औषध द्यावे लागते, आणि यीस्ट डोळ्याच्या पडद्यावर बसली आहे का हे नेत्रतज्ज्ञांकडून पाहून घ्यावे लागते. घरी सोडताना या दोन्ही गोष्टींच्या तारखा कार्डावर लिहून घ्याव्यात, आणि रुग्णात कँडिडा ऑरिस आढळली असल्यास तीही नोंद मागून घ्यावी, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या रुग्णालयात दाखल होताना ती पहिल्याच दिवशी दाखवता येईल आणि तेथील इतर रुग्णांना वेळीच वाचवता येईल.